‘सोपे येवो’ म्हणणारी माणसे

इस्तंबूलला जाऊन आलेल्या माणसाने काय काय सांगावे, हे आता ठरून गेलेले आहे. आयासोफियाचा घुमट, निळी मशीद, सुलतानांचा तोपकापी वाडा, छप्पर घातलेला तो अवाढव्य बाजार, आणि युरोप व आशिया यांच्यामधून वाहणारी बोस्फरसची सामुद्रधुनी. हे सगळे मीही पाहिले. ते पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. आणि ज्यांना त्याची वर्णने हवी असतील त्यांना पुस्तकांची वाण पडणार नाही. पण माझा पेशा मराठी शिकवण्याचा. वर्षानुवर्षे फळ्यावर ‘क्रियापदाचे अर्थ व काळ’ असे मथळे लिहीत आलेल्या बाईला परक्या गावी नेऊन सोडले, की तिचे डोळे घुमटाकडे असले तरी कान मात्र शेजारणीच्या क्रियापदाकडे असतात. त्याला तिचा इलाज नाही.

माझ्या यजमानांना कंपनीच्या कामासाठी वर्षभर इस्तंबूलला राहायचे होते. मी बिनपगारी रजा आणि उन्हाळ्याची सुट्टी यांची गाठ मारून २०२४ च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत तिथे राहिले. तुर्कस्तानने २०२२ पासून साऱ्या जगाला आपले नाव ‘तुर्किये’ असे घ्यायला सांगितले आहे. सांगणे रास्त आहे. पण जिभेला वळण पडले आहे म्हणून मी तुर्कस्तानच म्हणणार. आमचे बिऱ्हाड आशियाच्या काठावर, उस्कुदार भागात होते. क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५४ साली जखमी शिपायांची शुश्रूषा केली ती प्रचंड बराक याच बाजूला आहे. तिसऱ्या मजल्यावर आम्ही आणि दुसऱ्यावर घरमालकीणबाई, असा शेजार होता.

पहिल्या आठवड्यात मी जे तुर्की शब्द शिकले ते नमस्काराचे नव्हते, आभाराचेही नव्हते. सकाळी रस्ता झाडणारा माणूस आमच्या दारासमोर आला, की दूध आणायला निघालेल्या मालकीणबाई त्याला म्हणत, ‘कोलाय गेल्सिन.’ तो मान लववून काहीतरी पुटपुटे आणि झाडू चालू ठेवी. पुढच्या वळणावर नळाची दुरुस्ती करणारे दोघे खड्ड्यात उतरलेले असत. त्यांनाही, ‘कोलाय गेल्सिन.’ दुकानात हिशेब करीत बसलेल्या पोराला, पहाऱ्यावरच्या पोलिसाला, वाचनालयात डोके खुपसून बसलेल्या विद्यार्थ्याला, सगळ्यांना तेच. ‘कोलाय’ म्हणजे सोपे, आणि ‘गेल्सिन’ म्हणजे येवो. ‘तुझे काम तुला सोपे येवो.’

हे वाक्य मराठीत कसे म्हणायचे, याचा मी सहा महिने विचार केला आणि मला ते सापडले नाही. काम करणाऱ्या माणसाजवळून जाताना आपण काय म्हणतो? ओळखीचा असला तर ‘काय, चाललंय का काम?’ असे विचारतो. त्या प्रश्नात चौकशीपेक्षा देखरेख जास्त. अनोळखी असला तर काहीच म्हणत नाही; खड्डा चुकवून पुढे जातो. आमच्या गल्लीतल्या झाडणाऱ्या माणसाला दिवसातून किती जण ‘सोपे येवो’ म्हणत असतील, हे मी एकदा खिडकीत बसून मोजले. अर्ध्या तासात अकरा. रिकामपणाचे उद्योग म्हणा हवे तर.

मौज अशी की ज्या क्रियापदाच्या रूपावर हा सगळा व्यवहार चालतो, ते रूप आपल्याजवळ आहे. ‘येवो, जावो, होवो, असो.’ आपले व्याकरण त्याला आज्ञार्थात बसवते. परंतु ‘पाऊस पडो’ यात आज्ञा कोणाला केलेली असते? ती प्रार्थना आहे. तुर्कीतल्या ‘सिन’ या प्रत्ययाचे तेच काम. मागचा स्वर पुढच्या स्वराला आपल्या रंगात ओढतो हा त्या भाषेचा नियम असल्यामुळे तो प्रत्यय कधी ‘सिन’, कधी ‘सुन’, कधी ‘स्युन’ होतो; ‘ओल’ म्हणजे होणे, त्याला लागून ‘ओल्सुन’, म्हणजे होवो. फरक एवढाच की आपण हे रूप मंगलपत्रिका, भाषणे आणि दिवाळीच्या शुभेच्छा यांच्यासाठी राखून ठेवले, आणि तुर्कांनी ते रोजच्या वापरातल्या भांड्यांसारखे मांडणीवर ठेवले. मराठीच्या शेजारात मात्र एक ठिकाण असे आहे. गोव्यात कोंकणी माणूस आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतो. धन्यवाद नाही, आभारी आहे नाही. देव बरे करो. म्हापशाचा बाजार करून आलेला मनुष्य इस्तंबुलात तेवढ्यापुरता परका राहणार नाही.

आजाऱ्याला काय म्हणायचे? ‘गेच्मिश ओल्सुन.’ ‘गेच’ म्हणजे सरणे, मागे पडणे. ‘गेच्मिश’ म्हणजे सरलेले. आणि हाच शब्द तुर्की व्याकरणात ‘भूतकाळ’ या अर्थी येतो. म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाच्या उशाशी बसून त्याला सांगायचे की तुझे हे दुखणे भूतकाळात जमा होवो! व्याकरण शिकवणाऱ्या बाईला याहून सुंदर सदिच्छा कोणती वाटणार? हे वाक्य नुसत्या दुखण्यालाच नव्हे, तर अपघात झालेल्याला, तुरुंगातून सुटून आलेल्याला, पाकीट मारले गेलेल्यालाही म्हणतात.

स्वयंपाक करणाऱ्याला ‘एलिनिझे साअलिक’, तुमच्या हाताला आरोग्य. त्यावर तिने म्हणायचे, ‘आफिएत ओल्सुन’, तुम्हांला ते अंगी लागो. आपल्याकडे जुन्या पंगतीत ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणून उठत. पण तो आशीर्वाद अन्नदात्याला, आणि अन्नदाता म्हणजे बहुधा ओटीवर बसलेला यजमान. चुलीपुढे घाम गाळणाऱ्या हातांसाठी आपण वेगळे वाक्य ठेवले नाही. न्हाव्याकडून किंवा न्हाणीघरातून आलेल्याला ‘सिहातलेर ओल्सुन’, म्हणजे आरोग्य लाभो. या वाक्याचा अरबी शब्द सामान्यजनांच्या तोंडी घोटाळून ‘सातलेर ओल्सुन’ झाला आहे आणि त्याचा अर्थ होतो ‘तास होवोत’! पण कोणी अडत नाही. कोणी हॉटेलात आपले पैसे दिले तर ‘केसेनिझे बेरेकेत’. हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी चमकले, कारण ‘केसे’ म्हणजे आपला खिसा आणि ‘बेरेकेत’ म्हणजे आपली बरकत. तुमच्या खिशाला बरकत! तुर्क माणूस अर्धेअधिक मराठी बोलून मोकळा झाला होता.

असे शब्द पावलोपावली भेटतात. हिशेब तिथे ‘हेसाप’, दुकान ‘द्युक्क्यान’, फायदा ‘फायदा’च, साखर ‘शेकेर’, मैदान ‘मेयदान’. क्षमा मागायची तर ‘कुसुरा बाकमायिन’: कसुराकडे पाहू नका. हे अरबी-फारसीचे धन. ते इस्तंबूलला वेगळ्या वाटेने गेले आणि दौलताबाद-अहमदनगरला वेगळ्या. खुद्द तुर्की शब्दही आपल्याकडे थोडे आहेत. तोफ त्यांतला एक. विजापूरची प्रसिद्ध मुलुखमैदान तोफ १५४९ साली तेव्हाच्या अहमदनगरात ओतली गेली ती ‘रूमी’ म्हणवणाऱ्या तुर्की कारागिराच्या हाताखाली. आणि आपला तबलजी ज्या प्रत्ययावर उभा आहे तो ‘ची’ तुर्कांचाच: चहावाला तो ‘चायजी’, मासेवाला तो ‘बालिकची’, पुस्तकवाला तो ‘किताप्ची’.

हे शब्द तिथे अजून आहेत याचे मला नवल वाटते, कारण त्यांना घालवण्याची खटपट काही लहान झाली नाही. मुस्तफा कमाल अतातुर्कने १ नोव्हेंबर १९२८ रोजी कायदा करून अरबी लिपी काढली आणि रोमन आणली. १ जानेवारी १९२९ पासून पुस्तके नव्या लिपीतच छापायची असे ठरले. दोन महिन्यांत एक देश नव्याने अक्षरे गिरवू लागला! पुढे १९३२ साली भाषेसाठी संस्था निघाली, आणि अरबी-फारसी शब्दांना तुर्की प्रतिशब्द घडवण्याचा कारखाना सुरू झाला. आपल्याकडे शिवछत्रपतींच्या राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीपर्यंत हाच खटाटोप झाला; ‘महापौर’, ‘दिनांक’ हे शब्द तेव्हाचे. पण आपल्याकडे तो आग्रह होता, तिथे ते सरकार होते. परिणाम असा, की अतातुर्कने १९२७ साली सहा दिवस चालवलेले आपले विख्यात भाषण आजच्या तुर्की विद्यार्थ्याला आजच्या तुर्कीत ‘उतरवून’ द्यावे लागते. पणजोबांच्या थडग्यावरचा लेख पणतूला वाचता येत नाही. मोडीतली घरची दप्तरे पोटमाळ्यावर टाकून बसलेल्या आपण मराठी माणसांनी त्यांना हसायचे कारण नाही. मला स्वतःला त्या सुधारणेबद्दल आदर आहे आणि हळहळही आहे, नि दोन्हींचा हिशेब मी अजून जुळवलेला नाही. पण पुस्तकांतून शब्द गेले तरी या दारातल्या, उंबरठ्यावरच्या वाक्यांतून त्यांना कोणी हलवू शकले नाही, एवढे मात्र खरे.

यजमानांचे मत वेगळे पडले. ते म्हणाले, “ही सगळी पोपटपंची आहे. वेळ आली की बटण दाबायचे आणि वाक्य बाहेर. यात भावना कुठे आली?” मी म्हटले, “तुम्ही आल्यागेल्याला ‘या, बसा, चहा घेणार?’ म्हणता त्यात कुठली भावना असते?” ते म्हणाले, “चहाची.” वाद तिथेच राहिला.

बोली पक्की करायची म्हणून मी आठवड्यातून तीन दिवस, परदेशी लोकांना तुर्की शिकवणाऱ्या एका वर्गाला जात असे. वर्गात एक जर्मन अभियंता, दोन रशियन मुली, एक केनियाचा विद्यार्थी आणि मी. मास्तरांना तिथे ‘होजाम’ म्हणतात. नसरुद्दीन होजाच्या गोष्टींतला होजा तोच. मीही शिक्षिका आहे असे कळल्यावर आमचे मास्तर मलाही ‘होजाम’ म्हणू लागले, आणि चाळिशी ओलांडल्यावर पाटी-पेन्सिल घेऊन बसलेल्या मला त्याचा फार आधार वाटला.

जर्मन अभियंत्याचा जीव क्रियापदाने मेटाकुटीला येई. वाक्याच्या शेवटी एक मूळ धातू, आणि त्याला मागून डबे जोडत जायचे. ‘गेल’ म्हणजे ये. ‘गेल्दी’ आला. ‘गेल्मेदी’ आला नाही; नकार क्रियापदाच्या पोटातच. ‘गेलेमेदी’ येऊ शकला नाही. ‘गेलेमेयेबिलिर’ कदाचित येऊ शकणार नाही. आणि हे सगळे एकाच शब्दात. माणूस येणार की नाही हे गाडी संपेपर्यंत कळत नाही म्हणून तो बिचारा कपाळावर हात मारी. मला यात काही विशेष वाटले नाही. क्रियापद शेवटी येणे हे आपल्याला जन्मापासून ठाऊक. शिवाय त्यांच्यात लिंगाची कटकट नाही. आला, आली, आले या तिघांना मिळून एक ‘गेल्दी’. रशियन मुलींना त्याचा केवढा आनंद!

सारा वर्ग अडला तो मात्र ‘मिश’पाशी. तुर्कीत भूतकाळ दोन. ‘गेल्दी’ म्हणजे आला, मी पाहिला. ‘गेल्मिश’ म्हणजेही आलाच, पण मी पाहिला नाही; कोणी सांगितले, किंवा दारातल्या जोड्यांवरून कळले. भूतकाळाची क्रिया सांगायला तोंड उघडले, की हे तुमच्या डोळ्यांदेखत झाले की मागाहून कळले, हे आधी ठरवावे लागते. इतिहासातल्या सर्वमान्य गोष्टींना ‘दी’ चालतो. १४५३ साली सुलतान महंमदाने इस्तंबूल घेतले ते ‘दी’तच, जरी ते पाहणारा आज कोणी नाही. पण परीकथा सुरू होते ती ‘मिश’मध्ये: ‘बिर वार्मिश, बिर योक्मुश’, म्हणजे एक होते म्हणे, एक नव्हते म्हणे.

जर्मन अभियंत्याने विचारले, “ज्याने पाहिले नाही त्याने गप्प का बसू नये?” मला हसू आवरेना. मी मास्तरांना म्हटले, “होजाम, आमच्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत.” आणि फळ्यावर लिहून दाखवले: ‘आला म्हणे’ आणि ‘आलाय वाटतं’. ऐकलेले असले तर ‘म्हणे’, खुणांवरून ताडलेले असले तर ‘वाटतं’. तुर्कांनी दोन्ही एका ‘मिश’मध्ये कोंबले. आणि आपले ‘म्हणे’ जसे कधी नाक मुरडते, “तो म्हणे अभ्यास करतो!”, तसे त्यांचे ‘मिश’ही मुरडते. एवढेच नव्हे, स्वतःबद्दलही ते वापरतात. दुपारी डोळा लागला तर ‘उयुमुशुम’, मी झोपले होते वाटतं. कारण झोपताना आपण आपल्याला पाहत नाही. घास तोंडात घालून चव कळली की ‘चोक ग्युझेल ओल्मुश’, फार छान झालंय हं! मास्तरांनी ‘म्हणे’ आपल्या वहीत उतरवून घेतले. मराठीने तुर्की वर्गाला दिलेली ती माझ्या माहितीची एकमेव देणगी.

‘मिश’ रस्त्यावरही धावते. ठरलेल्या वाटेने जाणाऱ्या, उतारू भरले की निघणाऱ्या लहान गाडीचे नावच ‘दोल्मुश’, म्हणजे भरलेली. भरल्या भाजीला ‘दोल्मा’ म्हणतात ती याच धातूवरून. तेव्हा दोल्मुशात बसणे म्हणजे भरल्या वांग्यात मसाल्याने बसणे होय. मागचा उतारू पैसे पुढच्याच्या हाती देतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि मोड तशीच परत येते. उतरायचे असले की म्हणायचे, ‘म्युसाइत बिर येर्दे’, सोयीच्या एखाद्या जागी. थांब, उतरव, असे काही नाही. फक्त ‘सोयीच्या जागी’. आमच्याकडच्या रिक्षावाल्यांना मी हे ऐकवून पाहणार आहे. आणि त्या गाडीत कोणीच परके नसते. चालकाला ‘आबी’, म्हणजे दादा, तरुण बाईला ‘आब्ला’, ताई, म्हातारीला ‘तेय्झे’. हा शब्द कळला तेव्हा मला माहेरी आल्यासारखे झाले, कारण तेय्झे म्हणजे नुसती इंग्रजांची आंटी नव्हे. तेय्झे म्हणजे आईची बहीण. बापाच्या बहिणीला वेगळा शब्द आहे, मामाला, काकाला वेगळा. आणि अनोळखी म्हातारीला आत्या न म्हणता मावशी म्हणायचे, हे तिथेही ठरलेले!

तेव्हा मालकीणबाई माझ्या तेय्झे झाल्या. मी त्यांना ‘सिझ’ म्हणजे तुम्ही म्हणे, आणि त्या मला ‘सेन’, तू. ‘किझिम’ म्हणत, पोरी. त्या सत्तरीच्या जवळ आलेल्या, विधवा, मूळच्या दक्षिणेकडच्या अंताक्याच्या. हे पुराणे अँटिऑक नगर हताय प्रांतात आहे, सिरियाच्या सरहद्दीला लागून.

जूनमधल्या एका दुपारी आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत बसलो होतो. त्यांची पाने विड्यांसारखी घट्ट, माझी जरा ऐसपैस. बोलता बोलता मी विचारले, हे कुणी शिकवले? त्या म्हणाल्या, धाकट्या बहिणीने. मोठी मी, पण हात तिचा. आणि मग, पाने गुंडाळणे न थांबवता, त्यांनी ६ फेब्रुवारी २०२३ ची रात्र सांगायला सुरुवात केली.

त्या भूकंपाची आठवण वाचकांना असेल. पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी ७.८ तीव्रतेचा धक्का, आणि त्याच दुपारी जवळजवळ तेवढाच दुसरा. एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसे गेली आणि अंताक्या तर भुईसपाट झाले. आपल्या सरकारने मदतीला पथके आणि सैन्याचे फिरते रुग्णालय पाठवले. त्या मोहिमेचे नाव होते ‘ऑपरेशन दोस्त’, आणि दोस्त या शब्दाचा अर्थ तुर्कांना कोणी समजावून सांगावा लागला नाही. तो त्यांचाही आहे.

तेय्झे इस्तंबुलात होत्या. फोनवरून कळत गेले. त्या सांगत होत्या: इमारत ‘यिकिल्मिश’, कोसळली म्हणे. जिना आधी गेला म्हणे. चौथ्या मजल्यावरचा मुलगा संध्याकाळपर्यंत हाका मारत होता म्हणे. वाक्यामागून वाक्य ‘मिश’, ‘मिश’, ‘मिश’. मग त्या भाच्याला घेऊन मोटारीने निघाल्या, आणि तिथून क्रियापद बदलले. ‘वार्दिक’, पोहोचलो. ‘ग्योर्द्युम’, पाहिले. ढिगाऱ्यावर चढून मदतीची माणसे सगळ्यांना गप्प राहायला सांगत आणि खाली वाकून ओरडत, ‘सेसिमी दुयान वार मि?’, माझा आवाज ऐकणारे कोणी आहे का? १९९९ च्या भूकंपापासून ही हाक त्या देशात लहान मुलालाही ठाऊक आहे. पाचव्या दिवशी ‘बुल्दुक’, सापडली. हाच शब्द पाहुणा दारात म्हणतो: ‘होश गेल्दिनिझ’ म्हणजे सुखाने आलात, असे स्वागत झाले की ‘होश बुल्दुक’, सुख सापडले.

त्या म्हणाल्या, “पोरी, तिकडे दफन करताना इमाम जमलेल्या लोकांना विचारतो, याच्यावर तुमचा काही हक्क राहिला असेल तर तो हलाल करता का? सगळे म्हणतात, हलाल ओल्सुन. तिथे विचारायला कोणाला सवड नव्हती. एकामागून एक चालले होते. आदल्या रविवारी आमची फोनवर बाचाबाची झाली होती, आईच्या घराच्या वाट्यावरून. मी कडेला उभी राहून एकटीच म्हणाले, हलाल ओल्सुन. तिने मला म्हटले की नाही ते मला कसे कळणार?”

मी लातूरकडची. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला जे झाले तेव्हा मी शाळेत होते. आमचे घर तडकले, उभे राहिले. आईचे माहेर मात्र त्या बाजूचे. पुढचे कित्येक दिवस घरात बायका समाचाराला येत, तोंडाला पदर लावून बसत, आणि उठून जात. कोणी म्हणे, वाईट झाले. कोणी म्हणे, देवाची मर्जी. कोणी काहीच म्हणत नसे. आल्यागेल्याला पाणी देण्याचे काम माझ्याकडे होते, आणि त्या न बोलणाऱ्या बायकांचे डोळे मला अजून आठवतात. त्यांना काहीतरी म्हणायचे होते आणि शब्द नव्हता. आपल्या भाषेने लग्नाला, मुंजीला, बारशाला शब्द दिले. याला फक्त बसणे दिले. त्या बसण्याला मी कमी लेखत नाही. पण तेय्झेंच्या स्वयंपाकघरात मला नुसते बसवेना.

मी म्हटले, “बाशिनिझ साअ ओल्सुन.” तुमचे मस्तक धडधाकट असो. दीड वर्षापूर्वीच्या मृत्यूला हे म्हणतात की नाही, हे कुठल्याही व्याकरणात दिलेले नाही. त्यांचे हात थांबले. त्या म्हणाल्या, “दोस्तलार साअ ओल्सुन”, दोस्त धडधाकट असोत. मग माझ्या पुढ्यातली ऐसपैस पाने त्यांनी आपल्याकडे ओढली आणि एकेक उलगडून पुन्हा घट्ट बांधली.

रात्री मी हे यजमानांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघताना ते दुसऱ्या मजल्यावर थांबले, दार वाजवले, आणि मला जिन्यातून त्यांचा आवाज ऐकू आला. उच्चार धड नव्हता, पण वाक्य पुरे होते.

ऑगस्टच्या अखेरीस मी परत निघाले. निरोपाची वाक्येही तिथे वाटून दिलेली आहेत. जाणाऱ्याने म्हणायचे, ‘अल्लाहा इस्मार्लादिक’, तुम्हांला देवाच्या हवाली केले. उपाहारगृहात चहा मागवतानाही हेच क्रियापद येते. राहणाऱ्याने म्हणायचे, ‘ग्युले ग्युले’, हसत हसत. नवे लुगडे घेतले तर हसत हसत नेस, नवे घर घेतले तर हसत हसत राहा, आणि निघालीस तर हसत हसत जा. मी तेय्झेंना वाकून नमस्कार केला. त्यांच्यात मोठ्यांच्या हाताचे चुंबन घेऊन तो कपाळाला लावतात, तेही केले. मग लांबच्या प्रवासाला निघालेल्याने जे म्हणायचे ते म्हटले, “हक्किनिझि हेलाल एदिन.” तुमचा माझ्यावर जो काही हक्क राहिला असेल तो हलाल करा.

“हलाल ओल्सुन,” त्या म्हणाल्या. “सेन दे”, तूही कर.

“हलाल ओल्सुन, तेय्झे.”

त्यांनी पदरासारख्या रुमालाने डोळे टिपले, आत गेल्या आणि तांब्याएवढे भांडे भरून पाणी घेऊन आल्या. टॅक्सी सुटली तशी त्यांनी ते मागे रस्त्यावर ओतले. पाण्यासारखी जा, पाण्यासारखी ये, असा त्याचा अर्थ. चालकाने आरशातून पाहिले आणि गाडीचा वेग जरा कमी केला. कोपऱ्यावर तो झाडणारा माणूस होता. मी काच खाली करून त्याला ‘कोलाय गेल्सिन’ म्हटले. त्याने झाडू काखेत धरला, माझ्या सामानाकडे पाहिले, आणि म्हणाला, “ग्युले ग्युले, आब्ला.”